गालिच्यावरचा वाळलेला रंग: वाफ की स्पिरिट?

भिंतीचा इमल्शन रंग गालिच्यावर वाळला, तर बोथट सुरीने वरची खपली आधी खरवडायचीच. पुढे माझा कल वाफेकडे. डागावर ओलं फडकं, त्यावर मध्यम गरम इस्त्री क्षणभर टेकवायची. उष्णतेनं रंगातलं प्लॅस्टिकसारखं अ‍ॅक्रिलिक मऊ पडतं आणि चिमट्याने धाग्यावरून ओढून निघतं. वेळखाऊ काम, पण फुकटात. पॉलिप्रॉपिलीनच्या (प्लॅस्टिकच्या धाग्याच्या) गालिच्याला मात्र इस्त्री नको, धागे वितळतात. तिथे स्पिरिट, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं. काम झटपट, पण ते ओतायचं नाही, कापसाने टिपायचं, नाहीतर झिरपून तळाचा रबरी थर सुटू शकतो. पेट घेणारी वस्तू, तेव्हा खिडक्या उघड्या आणि इस्त्री लांब! गालिच्याचाच रंग उतरतो का, हे आधी कोपऱ्यात बघा. ऑइल पेंटपुढे दोन्ही उपाय तोकडे, तिथे टर्पेंटाइन, तेही रंग ओला असतानाच.