नौपाड्यातला पिचिंगचा वर्कशॉप: ‘आयडिया छान आहे, पण एका समाजापुरती वाटते’ हे ऐकून दमलेल्यांनी जरूर करा

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते शेवटी लिहितो.

मी जाहिरातीत कॉपीरायटर आहे, ऐरोलीला राहतो, बौद्ध घरातला आहे आणि हे इथे मुद्दाम लिहितोय कारण त्याचा ह्या क्लासशी संबंध आहे. पिचिंग, म्हणजे क्लायंटसमोर आयडिया मांडणं, शिकवणारे क्लास ठाण्यात बरेच झालेत, बहुतेक ठिकाणी स्लाइड कशी करायची, हात कुठे ठेवायचे, आत्मविश्वासाने कसं बोलायचं एवढंच असतं. इथल्या मॅडम आधी विचारतात की समोर कोण बसलंय आणि तुमच्याकडे बघून त्यांना आधीच काय वाटलेलं असणार. चार शनिवार, संध्याकाळी पाच ते आठ, एका बॅचला बाराच जण, फी साडेसात हजार.

मॉक पिच, म्हणजे सरावाची पिच, हा खरा भाग. तीन जण क्लायंट होऊन बसतात, त्यातला एक मुद्दाम पूर्ण वेळ फोनमध्ये बघत राहतो आणि मध्येच ‘सॉरी, परत सांगता का’ म्हणतो. मी माझी जुनी आयडिया घेतली होती, वह्या बनवणाऱ्या ब्रँडसाठी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर हार-मेणबत्त्यांऐवजी एक वही एक पेन आणा असं आवाहन होतं ना, त्या वह्या पुढे कुठल्या पोराच्या दप्तरात जातात त्याची गोष्ट. ऑफिसात ती ‘इमोशनल आहे पण ब्रँडला जनरल ठेवूया’ म्हणून बाजूला पडली होती. इथे पिच झाल्यावर मॅडमनी व्हिडिओ टीव्हीवर लावला आणि काही न बोलता एक तुकडा परत परत ऐकवला. चैत्यभूमी म्हणताना माझा आवाज खाली जात होता. बाकी सगळं खणखणीत, तेवढाच शब्द हळू. मग त्यांनी तीच ओळ माझ्याकडून म्हणून घेतली, आवाज सरळ येईपर्यंत. कुठल्या क्लासमध्ये करतात हे?

पण रिव्ह्यू लिहायला बसलो ते तिसऱ्या शनिवारसाठी. त्या दिवशी शिकागोहून एक ब्लॅक आर्ट डिरेक्टर झूमवर होते, त्यांची सकाळ आपली संध्याकाळ. इंग्रजी भराभर होतं, मॅडम मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगत होत्या. त्यांनी सुरुवात टॉम बरेल यांच्यापासून केली. मला हे नाव माहीतच नव्हतं आणि इतकी वर्षं जाहिरातीत असून कोणी सांगितलं नाही ह्याचं वाईट वाटलं. शिकागोतल्या एका एजन्सीच्या मेलरूममध्ये, म्हणजे टपाल वाटायच्या कामावर, लागलेला माणूस, पुढे कॉपीरायटर झाला आणि १९७१ मध्ये एमेट मॅकबेन यांच्यासोबत स्वतःची एजन्सी काढली, कोका-कोला आणि मॅकडॉनल्ड्स त्यांचे क्लायंट झाले. त्यांचं क्लायंटला सांगणं साधं होतं, की काळी माणसं म्हणजे गडद रंगाची गोरी माणसं नव्हेत. गोऱ्यांसाठी केलेल्या जाहिरातीत फक्त चेहरे बदलून चालणार नाही, त्यांच्या घरातून, त्यांच्या गल्लीतून जाहिरात निघाली पाहिजे. म्हणजे ज्याला क्लायंट ‘एका समाजापुरतं’ म्हणतो तेच त्यांनी धंद्याचं कारण म्हणून टेबलावर ठेवलं. मी वहीत हे लिहून चौकट केली.

मग त्यांनी स्वतःची पद्धत सांगितली. कोणी ‘हे सगळ्यांना रिलेट होईल का’ विचारलं की आवाज न चढवता विचारायचं, कुठल्या आकड्यावरून असं वाटतंय? आपला आकडा मात्र तयार पाहिजे. ते स्वतः मॅकिन्सी ह्या सल्लागार कंपनीचा २०२१ चा रिपोर्ट दाखवतात, त्यात म्हटलंय की ब्लॅक लोकांच्या वाटेतले अडथळे न काढल्यामुळे हॉलिवूडचा सिनेमा-टीव्हीचा धंदा वर्षाला १० अब्ज डॉलर्सहून जास्त कमाई गमावतो. दुसरं, मीटिंग झाली की त्याच रात्री सगळ्यांना मेल, आयडिया दोन ओळीत, तारीख, कोण कोण हजर होतं. कारण महिन्याभराने तीच आयडिया दुसऱ्याच्या तोंडून येते आणि तेव्हा सगळे टाळ्या वाजवतात. हे ऐकल्यावर आमच्या बॅचमधली एक ताई, कळव्याची, ॲनिमेशन करते, ती नुसती मान हलवत राहिली.

आणि एक गोष्ट, त्यांना फेब्रुवारीत फार फोन येतात कारण तिकडे फेब्रुवारी हा ब्लॅक हिस्टरी मंथ. साबणाच्या, गाडीच्या, बँकेच्या कामाला नाही येत. अरे मला पण एप्रिल आला की ‘तू जरा जयंतीचं क्रिएटिव्ह बघ ना’. मलाही बँकेचं काम करायचंय. मी हे विचारलं तर ते म्हणाले की ते काम घ्या पण त्याच मीटिंगमध्ये दुसरी, त्याच्याशी काहीही संबंध नसलेली आयडिया टाकल्याशिवाय उठू नका. मी आता हेच करतो.

फरक आहेच, आणि मॅडमनी तो झाकला नाही हे मला आवडलं. ते खोलीत शिरले की रंग दिसतो. आपल्याकडे आधी ‘पूर्ण नाव काय?’ विचारतात, मग ‘मूळ गाव कुठलं?’, आणि मग चेहऱ्यावर काहीतरी बदलतं. दोन्हीची तयारी वेगळी करावी लागते. बाकी त्यांचं-आपलं नातं काही आजचं नाहीये, जोतिरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच.

शेवटचा शनिवार हक्कांवर, माझ्या मते थोडा घाईत उरकला. ब्रिटिश लेखिका-अभिनेत्री मायकेला कोएलचं उदाहरण जबरदस्त होतं, ‘आय मे डिस्ट्रॉय यू’ ह्या शोसाठी नेटफ्लिक्सचे १० लाख डॉलर्स तिने नाकारले कारण कॉपीराइटमधला अर्धा टक्काही द्यायला ते तयार नव्हते, मग बीबीसीकडे गेली आणि २०२१ ला त्याच शोच्या लेखनासाठी टीव्हीचा एमी पुरस्कार मिळवला. अमेरिकन लेखिका-अभिनेत्री इसा रे २०११ ला यूट्यूबवर स्वतःच सिरीज सुरू करून, प्रेक्षकांकडून पैसे उभे करून २०१६ ला एचबीओवर पोचली. पण आपल्याकडे फ्रीलान्सरच्या करारात नेमकं काय लिहून घ्यायचं, किल फी (काम मध्येच रद्द झालं तरी मिळणारे पैसे) कशी मागायची, स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे स्क्रिप्ट रजिस्टर कशी करायची ह्याला अर्धा तास पण मिळाला नाही. अर्धा स्टार त्याचा. ह्याच्यासाठी पाचवा शनिवार ठेवा, लोक पैसे देतील.

फीबद्दल, विद्यार्थ्यांना जड आहे, पण विचारलं तर दोन हप्त्यात घेतात. जागा राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. गाडी आणूच नका, पार्किंग मिळत नाही, स्टेशनवरून चालत पंधरा मिनिटं. डेक, म्हणजे पिचच्या स्लाइड्स, पेन ड्राइव्हवर न्या, वायफायचा भरवसा नाही. बॅच फोनवर बुक होते आणि लवकर भरते, मॉक पिचला पहिलं नाव द्या कारण शेवटच्यांना वेळ कमी मिळतो.