‘तुमचं मन तयार नाही’: वजन घटवण्याच्या पॅकेजमधली फसवणूक

म्हापशाचा बाजार असो, मडगावातली एखादी सोसायटी असो की फोंड्यातला महिला मेळावा, सुरुवात एका टेबलापासून होते. टेबलाशेजारी वजनकाटा आणि ‘मोफत बॉडी चेकअप’ अशी पाटी. अनवाणी काट्यावर उभं राहायचं, दोन्ही हातांनी दांडा धरायचा, की मिनिटभरात चरबीची टक्केवारी आणि ‘शरीराचं वय’ छापून कागद हातात. चाळिशीच्या बाईला तिचं शरीर बावन्न वर्षांचं असल्याचं दाखवलं की विक्रीचं अर्धं काम झालेलं असतं.

हे यंत्र शरीरातून सौम्य वीजप्रवाह सोडतं आणि त्याला होणाऱ्या अडथळ्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. दिवसभर पाणी कमी प्यालं असेल तर अडथळा वाढतो आणि चरबी फुगलेली दिसते. ‘शरीराचं वय’ हे तर वैद्यकीय मोजमापच नव्हे, ते यंत्र बनवणाऱ्याच्या सूत्रातून आलेला आकडा आहे. घरच्या टेपने कमरेचा घेर मोजा. भारतीयांसाठी बाईचा ८० आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या वर गेला तर लक्ष द्यायला हवं. याला पैसे पडत नाहीत.

पॅकेज बहुधा तीन महिन्यांचं असतं. पैसे आगाऊ घेतात, नसतील तर तिथेच मोबाइलवर कर्ज काढून हप्ते बांधून देतात. इंग्रजी फॉर्मवर सही घेतात. त्यात ‘पैसे परत मिळणार नाहीत’ आणि ‘दिलेला आहार शंभर टक्के पाळला तरच हमी’ ही दोन कलमं असतात. दुसरं कलम पहिल्यापेक्षा वाईट. शंभर टक्के कोणीच पाळत नाही, आणि हे त्यांना पक्कं माहीत असतं.

मग पहिला आठवडा. रोज ८०० कॅलरी, भात-पाव बंद, दोन वेळा पावडरचं पेय. सात दिवसांत तीन किलो उतरतात आणि गिऱ्हाईक आनंदाने स्टेटसवर फोटो टाकतं. हे तीन किलो कसले? यकृतात आणि स्नायूंत ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर, साठलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमला सुमारे ३ ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. भात-पाव थांबला की हा साठा रिकामा होतो, म्हणजे पावणेदोन-दोन किलो तिथेच गेले. उरलेलं बरंचसं मीठ कमी झाल्यामुळे सुटलेलं पाणी आणि आतड्यातलं अन्न. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. तीन किलो चरबी आठवड्यात जाळायची तर रोज ३,३०० कॅलरींची तूट हवी. घरकाम आणि नोकरी सांभाळणारी बहुतेक बाई दिवसभरात तेवढं एकूणही खर्च करत नाही.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात काटा थांबतो, आणि खरी फसवणूक इथून पुढे आहे. एकदम सूर बदलतो. "ताई, आहार बरोबर आहे, तुमचं मन तयार नाही. तुम्ही स्वतःवर प्रेम करत नाही." मग माइंडसेट सेशन, सेल्फ-केअर वर्कशॉप, ‘भावनिक अडथळे’ काढण्याचं वेगळं शुल्क. रोज लिहून घेतलेली खाण्याची वही पुरावा म्हणून समोर ठेवतात: चवथीला (गणेश चतुर्थीला) दोन नेवऱ्या (करंज्या) खाल्ल्या होत्या ना? बाई शरमते. शरमलेलं माणूस तक्रार करत नाही, नवऱ्यालाही सांगत नाही, उलट पुढचे पैसे भरतं. मनाचा आणि वजनाचा संबंध अगदी खरा आहे, म्हणूनच हे खोटं इतकं सहज खपतं.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी, स्वखुशीने आलेल्या तरुणांना २४ आठवडे रोज सुमारे १,५७० कॅलरींवर ठेवलं होतं. ते चिडचिडे आणि उदास झाले, त्यांना अन्नाचीच स्वप्नं पडू लागली, काहीजण पाककृती जमवत बसले. निर्बंध उठल्यावर त्यांचं पोट भरल्यासारखंच वाटेना. तपासून निवडलेल्या त्या पुरुषांचं मन ‘तयार नव्हतं’ असं कोण म्हणेल? पॅकेजमधला आहार त्याच्या जवळपास निम्मा असतो. अशा आहारानंतर भूक वाढवणारी संप्रेरकं वर जातात, पोट भरल्याची सूचना देणारी खाली येतात, आणि प्रथिनं व व्यायाम नसेल तर स्नायूही झिजतात. रात्री अकराला डबा उघडणं हा त्याचा परिणाम आहे, चारित्र्यदोष नव्हे.

मनाचं खरं काम साधं असतं आणि त्याला पॅकेज लागत नाही. पहिली अडचण ‘आता बिघडलंच’ या विचाराची. एका नेवरीनंतर माणूस पाच खातो, कारण दिवस फुकट गेला असं वाटतं. उपाय एवढाच, की पुढचं जेवण ठरलेल्या वेळी, ठरलेलंच घ्यायचं. भरपाई म्हणून उपास करायचा नाही, कारण त्यातून रात्रीचं अतिखाणं जन्मतं. सात तास झोप हवी. झोप तुटली की भूक वाढते आणि गोड-तळलेल्याकडे हात जातो. वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर पाहा आणि आठवड्याची सरासरी काढा, कारण पाळीच्या आधी किंवा खारं खाल्ल्यावर एक-दीड किलो सहज वर-खाली होतं. शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, सोडू नका. शिजलेला भात १०० ग्रॅमने आणि तेल एका मोठ्या चमच्याने कमी केलं, म्हणजे रव्यातल्या तळणीऐवजी तव्यावर मासा भाजला, तर साधारण २५० कॅलरी वाचतात. त्यात रोज अर्धा तास भरभर चालणं आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम. सहा महिन्यांत वजनाच्या ५ ते १० टक्के, एवढंच ध्येय ठेवा. खाण्यावरचा ताबा वारंवार सुटत असेल, मन सतत खचलेलं असेल, तर गोव्यातल्या बांबोळीच्या मनोरुग्ण संस्थेत दाखवा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ‘माइंडसेट कोच’ची पाटी कोणीही लावू शकतो.

काही ठिकाणी थांबलेला काटा हलवायला बिनलेबलच्या ‘हर्बल’ कॅप्सूल देतात. तोंड कोरडं पडणं, छातीत धडधड, झोप उडणं, रक्तदाब वाढणं ही लक्षणं दिसली तर सिब्युट्रामिन या भूक मारणाऱ्या औषधाचा संशय घ्या. या औषधावर भारतात २०११ पासून बंदी आहे. पोटात मुरडा आणि जुलाब होत असतील तर सोनामुखीसारखं रेचक असू शकतं. त्याने चरबी जात नाही, पाणी आणि पोटॅशियम जातं. कॅप्सूल ताबडतोब थांबवून डॉक्टरांना दाखवा, पण बाटली फेकू नका. बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. विकत घेतलेलं औषध शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क १९४० च्या औषध कायद्याच्या कलम २६ ने सामान्य माणसालाही दिला आहे. लठ्ठपणावर औषधाची जाहिरात करणं हेही १९५४ च्या चमत्कारी उपायविरोधी कायद्यात गुन्हा आहे, म्हणून पत्रक आणि स्टेटसचे स्क्रीनशॉट जपून ठेवा.

पैशांसाठी आधी लेखी मागणी करा, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. ‘पैसे परत नाहीत’ असं छापलं म्हणून आयोगाचं दार बंद होत नाही. ॲपवरचं कर्ज कालच काढलं असेल तर घाई करा: मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज भरून ते मागे घ्यायला किमान एक दिवसाची मुदत रिझर्व्ह बँकेने सक्तीची केली आहे.

सध्या अशा आहारावर असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा, मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच. मग जेवण टप्प्याटप्प्याने वाढवा: आधी सकाळची पेज, दोन-तीन दिवसांनी दुपारचा भात. पहिल्या आठवड्यातच काटा दीड-दोन किलो वर जाईल. हे तेच ग्लायकोजेन आणि तेच पाणी, आपल्या जागी परत आलेलं. नेमका त्याच आठवड्यात त्यांचा फोन येतो: "बघा ताई, सोडलं की लगेच वाढलं." तो आकडा ऐकून पुन्हा पैसे भरू नका.