बॅरीटाउनच्या तीन कादंबऱ्या: काही महिन्यांच्या वाचनानंतर

आयरिश लेखक रॉडी डॉइल यांच्या ‘बॅरीटाउन ट्रिलॉजी’ची एकत्रित आवृत्ती मी निव्वळ हिशेब करून घेतली, कारण तीन कादंबऱ्या सुट्या घेण्यापेक्षा तो जाडजूड खंड बराच स्वस्त पडत होता. तिसऱ्या कादंबरीच्या मध्यावर पोहोचेपर्यंत खंडाची पाठ उकलली आणि पानांचा एक जुडगाच हातात आला. विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली, तेव्हा परत घेण्याची मुदत उलटून गेल्याचे उत्तर मिळाले आणि प्रकाशकाकडे दाद मागण्याचा सल्ला मिळाला. प्रकाशकाकडून उत्तरच आले नाही. एवढ्या जाडीचे पुस्तक शिवण न घालता केवळ गोंदावर चिकटवून विकणे ही वाचकाची फसवणूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शेवटी बाइंडरकडून तिन्ही कादंबऱ्या वेगळ्या करून, शिवून घेतल्या. त्याची मजुरी धरली तर बचत काहीच उरली नाही. पण पुस्तके हातात धरायला सुटसुटीत झाली आणि प्रत्येक कादंबरीचा स्वभाव किती निराळा आहे, हेही त्यानंतरच नीट लक्षात आले.

तिन्ही कादंबऱ्या ज्याच्याभोवती फिरतात, त्या डब्लिनच्या रॅबिट कुटुंबाची ओळख नव्याने करून द्यायला नको. ‘द कमिटमेंट्स’ (1987), ‘द स्नॅपर’ (1990) आणि ‘द व्हॅन’ (1991) यांवरचे चित्रपट अनेकांनी पाहिलेले असतात. मला सविस्तर लिहायचे आहे ते संवादांच्या मांडणीबद्दल. या कादंबऱ्यांत अवतरणचिन्हे नाहीत. ओळीच्या आरंभी एक आडवी रेघ येते आणि लगेच बोलणे सुरू होते. कोण बोलले, हे बहुतेक वेळा सांगितलेलेच नसते. डब्लिनच्याच जेम्स जॉइस यांनाही अवतरणचिन्हे खपत नसत, त्यामुळे डब्लिनच्या लेखकाकडून ही रीत अनपेक्षित नाही. परंतु ‘द कमिटमेंट्स’मध्ये दहा जणांचा बँड एका खोलीत तालीम करत असताना सगळे एकदम बोलतात, तेव्हा पान उलटून मागे जाऊन माणसे मोजावी लागतात. त्यातच उच्चाराप्रमाणे शेवटची अक्षरे गाळून लिहिलेली डब्लिनची बोली आणि मोठ्या अक्षरांत छापलेल्या गाण्यांच्या ओळी. या एका रेघेसाठी मी सुरुवातीला पुस्तकाला पाचपैकी तीनच तारे दिले होते.

ते मत ‘द स्नॅपर’ वाचताना बदलले. येथे माणसे मोजकी आहेत आणि स्वयंपाकघर एकच आहे, त्यामुळे थोड्याच पानांत आवाज ओळखू येऊ लागतात. बाप जिमी सीनियर एक वाक्य पुरे करण्याआधी दोन शिव्या देतो, आई व्हेरॉनिका चार शब्दांत विषय मिटवते आणि जुळ्या मुली मध्येच भलते काहीतरी मागतात. डॉइल हे उत्तर डब्लिनमधील किलबॅरॅक येथील शाळेत शिक्षक होते आणि बॅरीटाउन हे काल्पनिक उपनगर त्याच वस्तीवर बेतलेले आहे. इतके अचूक कान वर्गात रोज बसणाऱ्याकडेच असणार. पुढे ‘द कमिटमेंट्स’ पुन्हा वाचली, तेव्हा अमेरिकी गायक जेम्स ब्राउन यांच्या ‘नाइट ट्रेन’ या गाण्यात बँडचा गायक डेको हा ‘कॉनोली, किलेस्टर, रहेनी’ अशी डब्लिनच्या लोकलची स्थानके घालतो, तो प्रसंग मोठ्याने वाचावासा वाटला. आता ती रेघ हेच मला या पुस्तकांचे सर्वांत मोठे बळ वाटते, आणि काढलेले दोन्ही तारे मी परत देत आहे.

‘द स्नॅपर’बद्दल मात्र एक तक्रार कायम आहे आणि प्रत्येक वाचनाबरोबर ती वाढत गेली आहे. रॅबिटांची मुलगी शॅरन दारूच्या पूर्ण अमलाखाली असताना शेजारचा, मैत्रिणीचा बाप असलेला जॉर्ज बर्जेस तिच्याशी जे करतो, त्याला आज कोणीही वेगळेच नाव देईल. कादंबरी तिच्या मनातील गोंधळ थोडा वेळ दाखवते आणि पुन्हा विनोदाकडे वळते. त्यातून मुलगी गरोदर राहिल्यावर जिमी सीनियर गरोदरपणावरचे पुस्तक आणून अभ्यासू लागतो, ते प्रकरण अतिशय सुंदर आहे, परंतु त्या आनंदाखाली हा प्रश्न दबून जाऊ नये, असे मला वाटते.

तिन्हींत श्रेष्ठ ‘द व्हॅन’च, आणि 1991 मध्ये ती बुकरच्या अंतिम यादीत पोहोचली, ते योग्यच होते. हातचे काम गेलेला जिमी सीनियर वाचनालयात जाऊन वेळ काढतो, पबमध्ये आपल्यावर एक फेरी पाजण्याची पाळी येईल म्हणून जाणेच टाळतो आणि थोरल्या मुलाने खिशात सरकवलेले पैसे घेताना त्याला काय वाटते, हे लेखक एकाही भाष्याशिवाय दाखवतो. काटकसर ज्याला परिस्थितीने करावी लागली आहे, त्याला ही पाने फार जवळची वाटतील. मग बेकरीतून कमी केलेला जिवलग मित्र बिंबो तेलकट, कळकट अशी चिप्सची गाडी विकत घेतो आणि 1990 च्या विश्वचषकाच्या उन्हाळ्यात, आयर्लंडचा संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचत असताना, धंदा जोरात चालतो. माशाऐवजी बाळाचे लंगोट पिठात घोळून, तळून गिऱ्हाइकाच्या हाती जाते, तो प्रसंग वाचताना मला हसू आवरले नाही. पण त्याच गाडीत एक मित्र मालक होतो आणि दुसरा पगारी नोकर. पैशाचे हे गणित मैत्री कशी पोखरते, ते इतक्या बारकाईने मी विनोदी म्हणवल्या जाणाऱ्या कादंबरीत क्वचितच वाचले आहे.

नव्याने घेणाऱ्याने एकत्रित खंड टाळावा, जुन्या बाजारात सुट्या प्रती शोधाव्यात आणि पैसे एकाच कादंबरीपुरते असतील, तर ‘द व्हॅन’ घ्यावी. 2013 मध्ये आलेल्या ‘द गट्स’मध्ये रॅबिटांचा तोच थोरला मुलगा जिमी ज्युनियर मध्यमवयात आतड्याच्या कर्करोगाला सामोरा जातो, ती मी वाचनालयातून मागवली आहे.