झेरॉक्स एक नंबर, पण कागदाची पाठ स्वतः तपासा (फोर्ट)

मी पॅरालीगल (वकिलाच्या हाताखाली केसचे कागद तयार करणारी) आहे आणि आमच्या ऑफिसात वकिलांच्याच विरोधातल्या कम्प्लेंट्स जास्त येतात, अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम 35 वाल्या (वकिलाच्या गैरवर्तनाच्या), बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे जातात त्या. त्यामुळे हायकोर्टाच्या जवळच्या या झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानात महिन्यातून चार-पाच चकरा ठरलेल्या. कम्प्लेंट ऐकणाऱ्या शिस्तपालन समितीत तीन मेंबर, म्हणजे तीन सेट, समोरच्याचा एक, ऑफिसचा, आपला, आणि प्रत्येक सेट दीड-दोनशे पानांचा, आता करा हिशोब.

दुकानवाल्या काकांची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कागद काउंटरवर कायम उलटे ठेवतात. लाईनीत निम्मे काळे कोटवालेच असतात ना, कुणाविरुद्ध कम्प्लेंट आहे हे एकाने वाचलं की लंच टाइमपर्यंत सगळ्या कोर्टात बोभाटा, आणि अजून काही सिद्ध झालेलं नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पीडीएफ पण काम झालं की आपल्यासमोर डिलीट करतात. पेज नंबरिंग सरळ, पासबुकाच्या फिकट एंट्र्या पण वाचता येतात (अशिलाचे पैसे वकिलाने ठेवून घेतले अशा केसमध्ये सगळा जीव त्या पासबुकातच असतो).

आता तक्रार. मागे एका मॅटरमध्ये फीच्या करारावर तारीख होती 4 आणि त्याच स्टॅम्प पेपरच्या पाठीमागे व्हेंडरच्या नोंदीत विक्रीची तारीख त्याच महिन्याची 19, म्हणजे करार आधी झाला आणि कागद नंतर विकत घेतला, वा! आमचं सगळं म्हणणं त्या पाठच्या बाजूवर उभं, आणि दुकानातल्या पोरानं सहाच्या सहा सेटमध्ये फक्त पुढची बाजू मारलेली. रात्री ऑफिसात इंडेक्स टॅली करताना लक्षात आलं, मला घामच फुटला, कारण सकाळी सुनावणी आणि पान नाही म्हणून तारीख पडली तर नुकसान आपलंच, वर्षभरात निकाल नाही लागला तर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. काकांना फोन केला, म्हणाले "मॅडम, सकाळी आठला या, मी असतो." खरंच होते, सगळे स्पायरल उघडून पान 63 नंतर पान 63-अ घातलं, इंडेक्सची प्रिंट नवीन काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत. पोराला मात्र माझ्यासमोर झापलं, ते नको होतं, ओरिजिनल देताना मीच सांगायला हवं होतं.

चार स्टार. एक कापला तो पाठच्या बाजूसाठी. कलर प्रिंट महाग आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅप चॅटच्या प्रिंट काढणार असाल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं सर्टिफिकेट (आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली) घरून तयार करून न्या, इथे टायपिंग होत नाही. साडेचारनंतर तर जाऊच नका, पाय ठेवायला जागा नसते.