लॅनकूल २१६ की कोर्सेअर ४०००डी एअरफ्लो?

पणजी, वास्कोकडे राहणाऱ्याने कॉम्प्युटरची केस (कॅबिनेट) घेताना आरजीबी म्हणजे रंगीत लाइट्स नंतर बघावं, आधी हवा आणि पत्रा बघावा, कारण इथली खारी दमट हवा कुठे पेंट उडालाय तेच शोधत असते, एकदा स्क्रूला गंज धरला की मदरबोर्ड उघडताना घाम फुटतो.

कूलिंगमध्ये लियान लीचं लॅनकूल २१६ सरळ पुढे. समोर १६० मिमीचे दोन फॅन, मागे १४० चा एक, सगळे बॉक्समध्येच. मोठे फॅन कमी स्पीडला पण भरपूर हवा ओढतात, त्यामुळे आवाज कमी, आणि मे महिन्यात रूमच ३३-३४ डिग्रीला असते तेव्हा जीपीयूला (ग्राफिक्स कार्डला) ते पावतं. ४०००डीमध्ये १२० चे दोनच, म्हणजे अजून एक-दोन फॅनचा खर्च धरूनच चला!

पण ४०००डीचा बांधा मला जास्त आवडतो, मागे केबल लपवायला ऐसपैस जागा, वेल्क्रो पट्टे, आणि समोरचा फिल्टर काढून नळाखाली धरला की झालं (पावसात वाळायला दोन दिवस घेतो ती गोष्ट वेगळी).

गेमिंगचं मोठं कार्ड असेल तर २१६ घ्या. ऑफिसचं काम, साधं कार्ड असेल तर ४०००डी, तेही स्वस्त मिळालं तरच हां.