फॉक्स मस्टँगच्या मागच्या एक्सलला कोणता रेशो: ३.०८, ३.५५, ३.७३ की ४.१०?

१९८७ ते १९९३ची ५.० लिटर मस्टँग (फोर्डच्या ‘फॉक्स’ सांगाड्यावरची, म्हणून फॉक्स मस्टँग), पाच गियरचा टी-५ गियरबॉक्स आणि मागे फोर्डचा ८.८ इंची एक्सल. अमेरिकेतले हौशी लोक ही गाडी घेतली की लवकरच क्राउन-पिनियनकडे, म्हणजे एक्सलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीकडे वळतात, आणि त्याला कारण आहे. चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या (गियरबॉक्सपासून एक्सलपर्यंतच्या दांड्याच्या) किती फेऱ्या होतात तो या जोडीचा रेशो. कारखान्यातून मॅन्युअल गाडीला बहुतेक वेळा २.७३ यायचा, जास्तीचे पैसे मोजले तर ३.०८. महामार्गावर इंजिन निवांत फिरावं हा त्यामागचा हिशोब. सिग्नलवरून सुटताना मात्र गाडी जड वाटते आणि पाचवा गियर ताशी शंभरच्या आत जवळपास निरुपयोगी ठरतो.

रेशो निवडताना एक्सलचा एकटा आकडा बघून काहीच कळत नाही. दोन गुणाकार करायचे: पहिला गियर गुणिले एक्सल, म्हणजे सुटतानाचा जोर, आणि पाचवा गियर गुणिले एक्सल, म्हणजे महामार्गावरचे आरपीएम. या टी-५चा पहिला ३.३५ आणि पाचवा ०.६८ आहे. २२५/५५ आर १६ टायर एका फेऱ्यात साधारण २ मीटर जातो असं धरलं की पुढचे आकडे निघतात:

| एक्सल | पहिला × एक्सल | पहिल्यात ५,५०० आरपीएमला वेग | पाचव्यात ताशी ११३ किमीला (७० मैल) आरपीएम |
|---|---|---|---|
| २.७३ | ९.१५ | ७२ किमी | १,७४० |
| ३.०८ | १०.३२ | ६४ किमी | १,९७० |
| ३.५५ | ११.८९ | ५६ किमी | २,२७० |
| ३.७३ | १२.५० | ५३ किमी | २,३८० |
| ४.१० | १३.७४ | ४८ किमी | २,६२० |

३.०८चा विचार मनातून काढून टाका. २.७३वरून तिथे गेलं तर जोर फक्त १३ टक्क्यांनी वाढतो, आणि एक्सल उघडण्याची मजुरी, बेअरिंग, सील, तेल हा खर्च ४.१० बसवताना जितका तितकाच. गाडीत आधीपासून ३.०८ असेल आणि रोजचा प्रवास लांबचा असेल तर तो राहू द्या, एवढंच.

खरी निवड ३.५५ आणि ३.७३ यांच्यात आहे. दोघांत अंतर जेमतेम ५ टक्के. महामार्गावर शंभर-सव्वाशे आरपीएम, जे कानाला फारसे जाणवत नाहीत. या इंजिनाचा कमाल टॉर्क ३,२०० आरपीएमला आणि कमाल ताकद ४,२००ला मिळते, त्यामुळे २,४००वर पळताना ते कुठेच ताणलेलं नसतं. शहरात आणि महामार्गावर सारखी फिरणारी, इंजिन मूळचंच असलेली गाडी असेल तर माझं मत सरळ ३.७३. सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप) बसवला असेल किंवा पुढे बसवायचा विचार असेल तर ३.५५, कदाचित ३.२७सुद्धा, कारण तेव्हा टॉर्क भरपूर असतो, टायर तो रस्त्यावर उतरवू शकत नाही आणि पहिला गियर नुसता धूर काढण्यात जातो.

४.१० रस्त्यावर चालतो, पण त्याची किंमत रोज मोजावी लागते. पहिला गियर चौक ओलांडायच्या आत संपतो. अनेकांच्या लक्षात न येणारी बाब प्रोपेलर शाफ्टची. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे ०.६८चा पाचवा गियर, गियरबॉक्सच्या आत आहे, शाफ्ट त्याच्या मागे. म्हणून शाफ्टचा वेग फक्त टायर आणि एक्सलवर ठरतो. ताशी १६० किमीला २.७३ असताना शाफ्ट ३,६४०ने फिरतो, ४.१० असताना साधारण ५,४७०ने. आधी कधीही न जाणवलेली असमतोल शाफ्टची किंवा झिजलेल्या युजे क्रॉसची (शाफ्टच्या सांध्याची) थरथर मग सीटपर्यंत येते, आणि लोक दोष नव्या क्राउन-पिनियनला देतात.

गियरबॉक्स बदललेला असेल तर गणित नव्याने करा. टी-५झेड या टी-५च्याच दुसऱ्या आवृत्तीचा पहिला २.९५ आणि पाचवा ०.६३. त्याच्या जोडीला ४.१० लावला तर गुणाकार येतात १२.१० आणि २.५८, म्हणजे मूळ टी-५ला ३.५५-३.७३ लावल्यासारखीच गाडी. टी-५झेडवर ३.७३ घेणाऱ्याच्या हाती ११.० येतो आणि ‘एवढा खर्च करून फरक काय पडला’ अशी तक्रार सुरू होते.

मोठ्या रेशोने गियरबॉक्स लवकर तुटतो हा गैरसमज आहे. एक्सलचा गुणाकार गियरबॉक्सच्या मागे होतो. उलट गाडी सहज सुटते म्हणून क्लच कमी घासतो.

८.८ची सोय अशी की २.७३पासून ४.१०पर्यंत सगळे सेट त्याच डिफरन्शियल केसवर (क्राउन ज्यावर बसतो त्या भागावर) बसतात, केस बदलावी लागत नाही. १९९५ ते २००१च्या एक्सप्लोररच्या ८.८ एक्सलमधून ३.७३ किंवा ४.१०चा जुना सेटही चालतो. क्राउन आणि पिनियन मात्र एकाच जोडीतले हवेत, कारण ते जोडीनेच घासून जुळवलेले असतात. दात मोजून खात्री करा: ३.७३ म्हणजे ४१ आणि ११, ३.५५ म्हणजे ३९ आणि ११, ४.१० म्हणजे ४१ आणि १०.

बसवताना गडबड होते ती बहुधा पिनियनच्या खोलीत. पिवळी मार्किंग पेस्ट लावून क्राउन फिरवा. ठसा दाताच्या मुळाशी आला तर पिनियन जास्त आत आहे, डोक्याखालची शिम (अंतर ठरवणारी चकती) पातळ घ्या. टोकाशी आला तर जाड. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, ०.२० ते ०.३० मिमी ठेवा आणि क्राउनवर तीन-चार ठिकाणी मोजा. क्रश स्लीव्ह (पिनियनचा नट आवळताना दबणारी नळी) नेहमी नवीच घ्या. नव्या बेअरिंगवर पिनियन फिरवायला १.८ ते ३.३ न्यूटन-मीटर लागले पाहिजेत. नट त्यापुढे गेला तर तो सैल करून भागत नाही, स्लीव्ह पुन्हा बदलावी लागते. बेअरिंग कॅप काढण्याआधी डावी-उजवी खूण करा, त्यांची अदलाबदल किंवा उलट बसवणं चालत नाही. क्रॉस पिनचा (डिफरन्शियलमधल्या आडव्या पिनेचा) लॉक बोल्ट खोलताना अनेकदा तुटतो, म्हणून नवा आधीच आणून ठेवा. ट्रॅक्शन-लॉक (एकच चाक गरगर फिरू न देणारं फोर्डचं क्लचवालं डिफरन्शियल) असेल तर तेलात ११८ मिली फ्रिक्शन मॉडिफायर टाका, नाहीतर वळणावर क्लच प्लेटा कुरकुरतील.

स्पीडोमीटर विसरू नका. २.७३वरून ३.७३ला गेलात आणि गियरबॉक्समधला प्लास्टिकचा गियर तोच ठेवलात, तर खऱ्या शंभरला काटा १३७ दाखवेल. गियरबॉक्सच्या शाफ्टवरचा गियर ७ दातांचा असेल तर केबलला ३.५५साठी २० दातांचा, ३.७३साठी २१चा, ४.१०साठी २३चा लागतो. शाफ्टवर ८ दातांचा असेल तर ३.७३ला २४ दात हवेत. केबलचे गियर मात्र २३पर्यंतच येतात, म्हणजे गियरबॉक्सचा मागचा भाग उघडून शाफ्टवरचा गियरही बदलावा लागतो. ऑर्डर देण्याआधी तो मोजा.

पहिले ८०० किमी पूर्ण ॲक्सिलरेटर देऊ नका. पहिल्याच दिवशी पंधरा-वीस मिनिटं चालवून एक्सल पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. ८०० किमी झाले की तेल बदला.