लाठी ताईंच्या हातात, पट्टा अजून कुलपात: पेठेतल्या मर्दानी खेळाच्या वर्गाबद्दल

कोल्हापुरातल्या एका पेठेत, शाळेच्या मैदानावर सोमवार ते शनिवार, संध्याकाळी सहा ते साडेसात, हा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या दोघी बायका, त्यांच्या हाताखाली दोन मोठ्या मुली. मुलं-मुली एकत्र, वय आठपासून पुढं. शनिवारी शेवटचा अर्धा तास आयांसाठी राखीव. फी महिना ४०० रुपये, लाठी ज्याची त्यानं आणायची. आधी निकाल: पाय घडवण्यात हा वर्ग चोख आहे, लाठीत उत्तम आहे, जागा आणि सोयींत कमी पडतो, आणि दांडपट्ट्याच्या बाबतीत अडकून बसलाय. त्या अडकण्यात शिकवणाऱ्यांचा दोष नाही, पण फी भरणाऱ्याला ते माहीत असायला हवं.

पहिले बारा दिवस लाठी हातात देत नाहीत. याच मुद्द्यावर सगळ्यात जास्त पालक कुरकुरतात, आणि याच मुद्द्यावर वर्गाला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत. जमिनीवर फक्कीनं चौक आखलेला असतो. पाय खांद्यांच्या दीडपट रुंद, टाच जेमतेम कागद सरकेल इतकी उचललेली, वजन चवड्यांवर, आणि चारी दिशांना पवित्रा. चुकलं की परत मधल्या खुणेवर. ज्या वर्गात पहिल्याच दिवशी मुलं काठ्या गरगर फिरवायला लागतात, तिथं महिन्याभरानं बघा: हात फिरत असतो आणि पाय खांबासारखे रोवलेले असतात. तो हात मग लग्नाच्या वरातीत शोभतो, समोर दुसरा लाठीवाला आला की नाही.

गुडघ्याकडं या दोघी जेवढं बघतात, तेवढं क्वचित कुणी बघतं. पवित्र्यात वळताना गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवा. बारा-तेराव्या वर्षानंतर मुलींचा गुडघा वळताना आणि उडी मारून खाली येताना आत ढळायची शक्यता जास्त. उड्या आणि झटक्याची वळणं असलेल्या खेळांत गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध मुलांपेक्षा मुलींचा कितीतरी जास्त वेळा तुटतो, आणि ढळलेला गुडघा हे त्यातलं एक मोठं कारण. इथं रोज वीस बैठका भिंतीपुढं उभं राहून घेतात, आणि वळण आधी चालीनं, मग वेगानं. गुडघा आत गेला की ताई काठीच्या टोकानं बाहेरून हलकेच टोकतात. हात लावून दुरुस्ती करत नाहीत, मुलीला नाही आणि मुलालाही नाही. साधी गोष्ट आहे, पण अशा शिस्तीचा वर्ग शोधायला गेलं तर चप्पल झिजते.

लाठीचं माप: एक टोक जमिनीवर टेकवलं की दुसरं कानाच्या पाळीपाशी यावं. पाच फुटांच्या मुलीला साडेचार फुटांची लाठी. जाडी अशी की मूठ मिटल्यावर अंगठा मधल्या बोटाच्या पहिल्या पेरावर चढावा. मोठ्यांना इंचभर, लहानांना पाऊण इंच. मुलींना "झेपणार नाही" म्हणून वेताची हलकी छडी देणारे वर्ग आहेत. ती चूक आहे. फार हलकी काठी स्वतःच्या वजनानं फिरत नाही, मनगटालाच ती ढकलावी लागते, आणि महिन्याभरात मनगट दुखायला लागतं. सिंधुदुर्गाकडून घाट चढून येणारा माणगा बांबू चांगला, बुडाकडं जवळजवळ भरीव असतो. बुरुडांकडं घेताना लाठी फरशीवर आडवी अर्ध्या फुटावरून सोडायची. टणक आवाज आला तर घ्यायची, बद्द वाजली तर आत चीर आहे. पेरांवरचे उंचवटे कानशीनं घासून, वर पॉलिश पेपर फिरवून जवसाचं तेल पाजायचं. पेरापाशी उभी चीर दिसली की चिकटपट्टी गुंडाळून वापरायची नाही, चुलीत घालायची. फुटलेल्या बांबूची कड पात्यासारखी कापते.

फिरवताना पकड एका टोकापासून एक तृतीयांशावर. अंगठा आणि तर्जनी हा बिजागरीचा खिळा, बाकीची तीन बोटं उघडतात आणि मिटतात. नवखी मुलं पाचही बोटं आवळतात, मग लाठी अर्ध्यात अडते आणि नडगीवर किंवा कोपरावर येते. कान देऊन ऐकलं तरी कळतं: सारख्या अंतरानं सूं-सूं आवाज आला तर हात सुटलाय, मध्येच तुटला तर मनगट अडलंय. आधी सरळ हात, मग उलटा, मग आठचा आकडा, मग लाठी या हातातून त्या हातात. अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतोच. तो फोडायचा नाही, सुती पट्टी बांधून दोन दिवस नुसते पाय, म्हणजे पवित्रे, करायचे. "पोरीचे हात राठ होतील" ही तक्रार अजून ऐकू येते. होतात, आणि भाकरी थापणाऱ्या हातांना त्याचं काही वाटत नाही.

आता जागेचं गणित. पकडीपुढं तीन फूट लाठी, दोन फूट हात, म्हणजे पाच फुटांची त्रिज्या. वर्तुळ दहा फुटांचं, आणि पवित्र्यात दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट सरकायला लागतं. एकीला चौदा फुटांचा चौक. मैदानाचा वापरता येणारा भाग साधारण ६० बाय ४५, म्हणजे एका वेळी बारा जणी. पटावर तीसच्या आसपास मुलं. या वर्गात बाराच फिरवतात, उरलेली व्हरांड्यात पाय करतात. त्यामुळं दीड तासात प्रत्यक्ष लाठी पस्तीस-चाळीस मिनिटं मिळते. काही पालकांना हे फसवल्यासारखं वाटतं. तीसजण एकदम फिरवणाऱ्या वर्गात आठवडाभर बसून बघावं, कुणाच्या भुवईला टाके पडले ते मोजावं, मग बोलावं.

शिकवण्याची पद्धत बारकाईनं बघण्यासारखी आहे. पाय दाखवताना ताई समोर तोंड करून आरशासारखं दाखवतात, म्हणजे मुलांचा उजवा तो त्यांचा डावा. लाठी दाखवताना मात्र पाठ करून उभ्या राहतात, कारण फिरणारी काठी उलट बाजूनं डोक्यात बसत नाही. तेव्हा दुसरी ताई समोरून चेहरे वाचते. हाताखालच्या दोघींना प्रत्येकी चारच मुलं दिलेली, आणि नियम असा की एका वेळी एकच चूक सांगायची. आधी पाय, मग कंबर, मग हात. शिकवणारी घडते ती इथं. स्वतःला चांगलं येणारी मुलगी दुसऱ्याची चूक पाहू शकेलच असं नाही, ते वेगळं शिकावं लागतं. दहावी-बारावीला आणि मग लग्नाला मुली गळतात, म्हणून ही दुसरी फळी सोळाव्या वर्षीच उभी करण्यात शहाणपण आहे. चौदा-पंधराची मुलं बाईकडून शिकताना पहिले आठ दिवस फिदीफिदी करतात. त्यांना फरी-गदग्याच्या, म्हणजे लहान ढाल आणि चामड्यानं मढवलेल्या काठीच्या, जोडीत ताईंसमोर उभं केलं की थांबतात.

ही जोडी तिसऱ्या महिन्यापासून. शिर, तमाचा, बाहेरा, कमर, हे चार वार आणि त्यांचे बचाव, आधी मोजून, मग न मोजता. डोक्याला क्रिकेटचं हेल्मेट सक्तीचं. हेल्मेटं चारच आहेत, त्यामुळं एका वेळी दोनच जोड्या, आणि रांगेत ताटकळणं फार. वर्गानं पैसे पहिल्यांदा इथं घालावेत. गदग्याचं चामडं उसवलेलं दोनदा तरी दिसलं. आतली वेताची टोकं बाहेर आली की ती डोळ्याशी गाठ आहे.

पट्ट्याचं दुखणं जरा सविस्तर सांगायला हवं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला. इथले दोन पट्टे तालमीच्या मालकीचे, कपाटाच्या किल्ल्या वस्तादांकडं. खंडेनवमीला पट्ट्याला हळदकुंकू लावायला ताई, फिरवायला वस्ताद. "मुलींचं मनगट नाजूक, पट्टा पेलायचा नाही," हे कारण. ज्यानं खोबळ्यात, म्हणजे पट्ट्याच्या हात झाकणाऱ्या धातूच्या मुठीत, हात घातलाय त्याला हे कारण हास्यास्पद वाटायला हवं. पट्ट्यात मूठ आडव्या दांडीवर असते, खोबळा कोपराकडं चढलेला, मनगट जागच्या जागी बांधलेलं. पात्याला वेग येतो खांद्यातून, कंबरेतून आणि पायांतून, म्हणजे नेमका जिथं हा वर्ग सगळ्यात पक्का आहे तिथून. उलट लाठीत मनगट सोडून खेळलेल्या मुलांनाच पट्ट्यावर सवय मोडावी लागते.

खरी अडचण वेगळी आणि सोपी आहे. खोबळे पुरुषांच्या हाताच्या मापाचे. बारीक हातात ते खुळखुळतात, मग चार फुटांचं लवचिक पातं हाताच्या मागं राहतं आणि वळणाच्या शेवटी स्वतःच्याच पिंढरीवर येतं. उपाय: आतून सुती कापडाचे वेढे किंवा फेल्टचं अस्तर, आडव्या दांडीवर जाड सुतळी, कोपराजवळ चामडी वादी. सुरुवातीला पूर्ण बोथट केलेलं पातं आणि आजूबाजूला वीस फूट मोकळं. लोहार-चांभाराचं दोन दिवसांचं काम. एवढ्यासाठी किल्ली अडवायची गरज नाही.

वरच्या पायरीवर बायकांना असं थांबवणं फक्त पेठेतलं नाही. जूडोत जपानच्या केइको फुकुदा यांना पाचवा दान (काळ्या पट्ट्याची पाचवी पायरी) १९५३ मध्ये मिळाला आणि सहावा थेट १९७२ मध्ये, कारण कोडोकानमध्ये, म्हणजे जूडोच्या टोकियोतल्या मुख्य संस्थेत, बाईनं पाचव्याच्या वर जायचंच नव्हतं. पुढं कोडोकाननं त्यांना नववा दिला, आणि दहावा अमेरिकेतल्या जूडो संघटनेनं. केरळात वटकरेच्या मीनाक्षी अम्मांना कळरीपयट्टू या तिथल्या युद्धकलेसाठी २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि लोक त्यांना गुरुक्कल, म्हणजे गुरू, म्हणतात, जे पुरुषाला म्हणतात तेच. इथं मात्र वीस मुलं घडवलेली बाई 'ताई' आणि दोन घडवलेला बाप्या 'वस्ताद'. ताई म्हणण्यात माया आहे हे खरं, पण स्पर्धेच्या पंचांच्या यादीत नाव घालताना माया मोजत नाहीत. खेळाच्या नावातच मर्द आहे, त्याला काय करणार म्हणणाऱ्यांनी कावळा नाक्यावरून जाताना एकदा मान वर करून घोड्यावर कोण बसलंय ते बघावं: महाराणी ताराराणी.

सोयींबद्दल थोडक्यात. मैदानावर मुलींसाठी स्वच्छतागृह उघडं नसतं, शाळा सुटल्यावर कुलूप लागतं. महिन्यातले ते चार दिवस कितीतरी मुली याच कारणानं घरी राहतात, आणि गळती तिथून सुरू होते. किल्ली मागून घेण्याइतकं हे सोपं काम अजून झालेलं नाही. दिवे दोन, त्यातला एक व्हरांड्याच्या बाजूला, त्यामुळं थंडीत साडेसहानंतर गदग्याची जोडी ठेवू नये. पावसाळ्यात मैदान चिखल होतं आणि वर्ग सभागृहात जातो. तिथं छत नऊ फुटांचं, लाठी वर लागते, म्हणून फक्त पाय आणि गदगा.

शिवजयंतीच्या प्रात्यक्षिकाची तयारी दीड महिना चालते आणि त्या काळात नवख्यांकडं दुर्लक्ष होतं, हे मान्य करायला हवं. नऊवारी आणि फेट्यात खेळायचं असतं. नऊवारीचा कासोटा गुडघ्यापर्यंत ओढून घट्ट असेल तर पवित्र्याला काही आड येत नाही. आड येतो तो सुटा पदर आणि फेट्याचा शेमला. दोन्ही खोचून, पदराला आतून सेफ्टी पिन. बांगड्या, नथ, पैंजण काढायचे, पाय अनवाणी. मानेवर लिंबू ठेवून कापण्याचा प्रकार हा वर्ग मुलांकडून करवत नाही. मोबाइलवर 'नाद खुळा' म्हणणाऱ्यांना त्यानं वाईट वाटेल, वाटू दे. उघडी शस्त्रं घेऊन मिरवणूक काढायची तर पोलिसांची परवानगी आधी, कारण सणावारी शस्त्रबंदीचे आदेश निघतात. ते काम आयोजकांवर सोडून न देता ताई स्वतः कागद बघतात.

स्वसंरक्षणाबद्दल वर्ग फार बोलत नाही, हे आवडलं. उन्हाळ्यात 'दहा दिवसांत स्वसंरक्षण'वाली शिबिरं उगवतात. त्यात मनगट सोडवायची युक्ती शिकवतात: अंगठा आणि बोटांच्या टोकांमधल्या फटीकडं हात झटकायचा. युक्ती खरी आहे, पण सोबतीण हलकं धरते तेव्हा. जोरात आवळलेल्या हातावर ती दोनशे वेळा केल्याशिवाय अंगात मुरत नाही. इथं आयांच्या अर्ध्या तासात तेवढंच करून घेतात: अंतर राखणं, मोठ्यानं ओरडणं, मनगट सोडवणं, छत्री दोन हातांनी आडवी धरून मागं सरकणं, आणि ११२ लावणं. ओरडायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. पोटातून आवाज काढायची सवय मोडलेली असते.

नवी तुकडी जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी. नाव घालायच्या आधी एक संध्याकाळ व्हरांड्यात बसून बघू देतात. आलात तर पट्टा कधी शिकवणार हे ताईंना विचारू नका, ते तालमीत जाऊन विचारा. पहिल्या दिवशी लाठी आणू नका. आणलीच तर घरी परत न्यावी लागते, कारण बारा दिवस ती भिंतीला टेकवून ठेवायलाही मनाई आहे: टेकवलेला बांबू वाकतो.